दोन रेषांमधले वीस मीटर

फेब्रुवारीतली सकाळ होती. साताऱ्याशेजारच्या यवतेश्वरच्या पठारावरून उरमोडीच्या खोऱ्यात उतरणारी एक सोंड आम्ही तिघांनी आदल्या रात्री टोपोशीटवर, म्हणजे उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, पेन्सिलीने आखली होती. रेषा कशा, शहाण्या मुलांसारख्या सारख्या अंतरावर उभ्या. नकाशावर वाट दाखवलेली नव्हती, पण आम्हाला तेच तर हवं होतं. पाठीवर मुक्कामाच्या सॅक घेऊन पाऊण सोंड झकास उतरलो आणि पुढची जमीनच संपली. बारा-तेरा मीटरचा उभा कातळ, डावी-उजवीकडे दोन्ही घळींत शिरलेला. पुन्हा नकाशा उघडला. त्या जागी कड्याची खूणही नव्हती.

मुकाट्याने परत वर चढलो. सड्यावर गुरं घेऊन बसलेल्या आबांनी आम्हाला जातानाही पाहिलं होतं. म्हणाले, "तिकडं कडा हाय की. आमची ढोरंसुदीक जात न्हाईत. इचारलं आसतंसा तर सांगितलं आसतं."

त्या दिवशी मी नकाशाला शिव्या घातल्या. पुढे कळलं की नकाशा खोटं बोललाच नव्हता. तो काय सांगतो आणि कशाबद्दल गप्प बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. मळलेली वाट सोडून डोंगरात फिरायचं तर नेमकं हेच आधी शिकावं लागतं.

डोंगरावर खणलेली कंटूर

शाळेच्या भूगोलात तिला समोच्चरेषा म्हणत, ट्रेकवाले कंटूर म्हणतात. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेले सगळे बिंदू जोडले की ती रेषा तयार होते. व्याख्या पाठ असते, पण डोळ्यांपुढे काही येत नाही. आपल्या जिल्ह्यात मात्र ती प्रत्यक्ष पाहायला मिळते. कोरेगाव, खटाव, माणकडच्या उघड्या टेकड्यांवर श्रमदानातून खणलेले सलग समतल चर, म्हणजे सीसीटी, पाहिलेत ना? चर एका पातळीत असेल तरच पावसाचं पाणी त्यात सारखं उभं राहतं, नाहीतर एका टोकाला धावतं आणि बांध फोडून जातं. म्हणून चर टेकडीला वळसा घालत जातो, घळीत आत शिरतो, सोंडेवर बाहेर येतो. ही जमिनीवर खणलेली कंटूरच. हायड्रोमार्कर, म्हणजे सारखी पातळी दाखवणारं साधन, हातात धरून ज्यांनी ती आखली, त्यांना टोपोशीट समजायला पाच मिनिटं पुरतात, हे मी पाहिलं आहे.

दुसरं उदाहरण मे महिन्यातल्या धोम धरणाचं. पाणी उतरत जातं आणि काठावर वळ्या राहतात. प्रत्येक वळी म्हणजे पाण्याची एकेकाळची पातळी. काठ सपाट असेल तिथे दोन वळ्यांत ऐसपैस अंतर पडतं, काठ उभा असेल तिथे त्या एकमेकींना चिकटतात. कंटूरचं सगळं व्याकरण एवढंच: रेषा दाट तिथे चढ उभा, विरळ तिथे सोपा.

१:५०,००० च्या टोपोशीटवर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. आपल्याकडच्या शीटांवर दोन कंटूरमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड असते. म्हणजे एका जाड रेषेपासून दुसरीपर्यंत १०० मीटरची उंची. त्यामुळे बारीक रेषा मोजत डोळे फोडायची गरज नाही, दोन जाड रेषांमध्ये पट्टी धरायची. अंतर ५ मिलिमीटर भरलं तर उतार साधारण २२ अंशांचा, म्हणजे दमवणारा पण चालण्यासारखा. ३ मिलिमीटर भरलं तर ३४ अंश. २ मिलिमीटर भरलं तर ४५. माझा स्वतःचा नियम असा की पाठीवर ओझं आणि पायाखाली वाळलेलं गवत असेल, तर ३ मिलिमीटरच्या आत मी जात नाही. फेब्रुवारी-मार्चमधलं ते पिवळं गवत पॉलिश केलेल्या फरशीसारखं घसरतं. ज्याने त्याने आपला नियम आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवावा.

सोंड, घळ, खिंड

आता आकार. कंटूर जिथे उताराच्या दिशेला नाक काढते ती सोंड. जिथे डोंगराच्या पोटात आत शिरते ती घळ किंवा ओढा. घाईत दोन्ही सारखीच दिसतात आणि नवखा माणूस हमखास उलटं वाचतो. म्हणून आधी उंचीचे आकडे पाहायचे, किंवा ओढ्याची रेघ कुठे आहे ते शोधायचं. रेघ असलेलं टोक घळीचंच.

खिंड ओळखायला चंदन-वंदनच्या जोडगोळीसारखं उदाहरण नाही. दोन गड म्हणजे बंद वळ्यांचे दोन गठ्ठे, आणि त्यांच्या मधे रेषा दोन्ही बाजूंनी कंबरेसारख्या आत आलेल्या. ती कंबर म्हणजे खिंड. वाट नसलेल्या डोंगरात एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं असेल तर पहिली नजर खिंडीवर जाते, कारण कमीत कमी चढून पलीकडे उतरता येतं. जुन्या घाटवाटांनी बहुतेक ठिकाणी हेच केलं आहे.

सोंडेने जावं की ओढ्याने, हा प्रश्न दर वेळी येतो. मी सोंडेच्या बाजूचा. सोंडेवर चारी दिशा दिसतात, वारा लागतो, आणि आपण कुठे आहोत ते नकाशाशी ताडून पाहता येतं. ओढा वर सावलीचा आणि गोड वाटतो, पण सह्याद्रीतला ओढा जिन्यासारखा उतरतो. नाळेने, म्हणजे अरुंद उभ्या घळीने, चढताना जो टप्पा हाताच्या आधाराने पार होतो, तोच उतरताना पायाला सापडत नाही. अनोळखी ओढ्यात खाली उतरत जाणं म्हणजे मागे परतायचं दार आपणच लावत जाणं.

जिना डोंगराचाच

आमच्या फसण्याचं खरं कारण इथे आहे. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक ओतल्या गेलेल्या. घट्ट काळ्या कातळाचा थर झिजायला चिवट, त्याचा कडा होतो. त्याच्या वरचा-खालचा सच्छिद्र, मऊ थर किंवा मधली लाल माती लवकर झिजते, तिथे उतार सौम्य होतो, तो पदर. कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. पांडवगडाकडे किंवा वैराटगडाकडे लांबून पाहिलं की हे आडवे पट्टे सहज दिसतात.

आता हिशोब करा. कंटूर दर २० मीटरला एकदाच हजेरी घेते. समजा ९०० ची रेषा कड्याच्या वर चार मीटरवर गेली आणि ८८० ची कड्याच्या खाली तीन मीटरवर. मधे तेरा मीटरचा उभा कातळ आहे, आणि नकाशाला त्याची दाद ना फिर्याद. कागदावर दोन रेषा दिसतात, बाजूच्यांपेक्षा थोड्या जवळ किंवा तेवढ्याही नाही. मोठ्या कड्यांना नकाशावर कातळाची वेगळी खूण असते. छोट्यांना बहुतेकदा नसते. आणि माणूस खाली पडायला तेरा मीटर भरपूर होतात.

म्हणून मी नकाशाकडे असं पाहतो: 'इथून जाऊ नको' हे तो खात्रीने सांगतो. 'इथून जा' हे तो कधीच सांगत नाही. रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे नाही म्हणजे नाही, वाद संपला. पण रेषा मोकळ्या आहेत म्हणून वाट आहे असं होत नाही. तिथे फक्त 'चौकशीला वाव आहे' एवढाच अर्थ घ्यायचा.

ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की आखणीची पद्धतच उलटी होते. पूर्वी मी आधी सुरुवात आणि शेवट ठरवून मधे रेघ ओढायचो. आता लाल पेन्सिल घेऊन आधी नकार भरतो. चिकटलेल्या रेषा, कातळाच्या खुणा, कड्याखालच्या घळी, जलाशयाचे काठ. पाऊण तासात शीट लाल होतं. जे पांढरं उरतं त्यातून दोन-तीन शक्यता निघतात, आणि प्रत्येक शक्यतेत जिथे तीन-चार रेषा जरा जवळ येतात तिथे मी प्रश्नचिन्ह काढतो. ही प्रश्नचिन्हं घेऊन मग खालच्या वाडीत जायचं. "डोंगरावर जायला वाट आहे का?" असं विचारलं तर उत्तर मिळतं, "हाय की, सरळ जावा." त्याचा काही उपयोग नाही. "या दोन ओढ्यांच्या मधल्या सोंडेवरून गुरं उतरतात का? कुठवर?" असं विचारलं की माणूस चहा बाजूला ठेवून सांगायला बसतो. गुरं जातात तिथून सॅकवाला माणूस बहुधा जातो. शेळ्या जातात म्हणून मात्र आपण जाऊ नये.

शीट कुठलं, कुठून

सर्वे ऑफ इंडिया ही १७६७ सालची संस्था, मुख्यालय डेहराडूनला. २००५ च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी ओपन सीरीज नकाशांची वेगळी मालिका निघाली. २०१७ साली, संस्थेच्या २५० व्या वर्षी, ही १:५०,००० ची शीटं संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात मोफत घेता यायला लागली. एक शीट १५ मिनिटं अक्षांश गुणिले १५ मिनिटं रेखांशाचं, म्हणजे आपल्याकडे साधारण साडेसव्वीस बाय साडेसत्तावीस किलोमीटरचा मुलूख. जुन्या क्रमांकनात महाबळेश्वर ४७ जी/९ वर येतं, वासोटा ४७ जी/१० वर, कास ४७ जी/१४ वर. सातारा शहराचं नशीब असं की ७४ अंश रेखावृत्त त्याला खेटून जातं, त्यामुळे शहराच्या पूर्वेला पाऊल टाकलं की दुसरं शीट, ४७ के/२. घराजवळचाच डोंगर पाहायला दोन कागद चिकटवावे लागतात. ओपन सीरीजचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत, तेव्हा उतरवून घेताना गावांची नावं पाहूनच घ्या.

छपाईत एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. मूळ शीट अर्ध्या मीटरपेक्षा मोठं असतं. दुकानात 'पानात बसवून द्या' म्हटलं की ते निमूटपणे लहान होतं आणि १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर हे गणित मोडतं. हवा तेवढाच तुकडा कापून मूळ मापात छापायचा. जाळीचा एक चौकोन पट्टीने मोजला की खरं-खोटं लगेच कळतं.

कुणाकडे वडिलांच्या वेळचं जुनं कापडी शीट असेल तर जपून ठेवा, पण जीपीएसचे आकडे त्यावर थेट मांडू नका. जुन्या नकाशांचा भूमापनाचा पाया, म्हणजे पृथ्वीचा गृहीत धरलेला आकार, 'एव्हरेस्ट' नावाचा, मोबाईलचा 'डब्ल्यूजीएस-८४' नावाचा. दोन्हींत आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. सोंड आणि शेजारची घळ यांच्यात तेवढंच अंतर असतं. शिवाय जुन्या शीटावर उरमोडीचं धरण नाही, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे रस्तेही नाहीत. तुम्ही दिवसभर तंगडतोड करून गाठलेल्या निर्जन सड्यावर समोरून टेम्पो येतो.

मोबाईलवरच्या कंटूरचंही सांगतो, कारण आता सगळे त्याच वापरतात. अनेक अॅप्समधल्या रेषा २००० सालच्या अवकाशयानातल्या रडार मोजणीवरून, म्हणजे एसआरटीएमवरून, संगणकाने काढलेल्या असतात. ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची. कड्याचं वरचं आणि खालचं टोक एकाच चौकोनात सापडलं की कडा गुळगुळीत उतार होऊन जातो. दाट जंगलात रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे लागतात ते वेगळंच. उपग्रहचित्र मात्र कामाचं. सकाळच्या तिरप्या उन्हात कडा काळी सावली टाकतो, आणि प्रश्नचिन्हाच्या जागी अशी आडवी काळी रेघ दिसली की मी ती शक्यता तिथेच खोडतो.

वेळ, पाणी आणि थांबायची रेघ

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला. आजच्या मापात तो असा: ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. ६ किलोमीटर अंतर आणि ४०० मीटर चढ असेल तर १ तास १२ मिनिटं अधिक ४० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या आत. हे गृहस्थ कारवीत शिरले नव्हते. कारवीच्या दाट रानात, ओझं घेऊन, वाट शोधत जाताना मी या वेळेची सरळ अडीचपट करतो. दोन तासांचे पाच होतात. मग 'दुपारी दोनपर्यंत खिंडीत पोचलो नाही तर मागे फिरायचं' हे घरीच ठरतं, आणि तो कागद घरच्यांकडे ठेवून निघायचं. डोंगरात ठरवलेली परतीची वेळ नेहमी 'अजून अर्धा तास' पुढे सरकते.

पाण्यासाठी शीटवरचे रंग पाहायचे. बारमाही पाणी निळं, कोरडे पडणारे ओढे काळे. पण निळ्या रेघेवरही मी जानेवारीनंतर विश्वास ठेवत नाही. गडावरची टाकी खात्रीची वाटतात, पण एखाद्यात पाण्यापेक्षा शेवाळच जास्त असतं. पूर्ण दिवसाचं चार लिटर प्रत्येकी घेऊन निघायचं आणि वाटेत मिळालं तर तो प्रसाद समजायचा.

एक छोटी पण लाखमोलाची युक्ती. मुक्कामाला जायची वाडी ओढ्याकाठी आहे आणि तुम्ही वरून रानातून उतरता आहात. नेम धरून थेट वाडीकडे निघालात आणि थोडं चुकलात, तर ओढ्याशी पोचल्यावर वाडी डावीकडे राहिली की उजवीकडे, हे कळत नाही. म्हणून मुद्दाम वाडीच्या वरच्या अंगाला नेम धरायचा. ओढा लागला की डोळे मिटून पाण्याच्या दिशेने खाली वळायचं. इथे ओढा ही तुमची थांबायची रेघ. अशी रेघ, मग तो रस्ता असो, डोंगराची धार असो की कालवा, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी नकाशावर शोधून ठेवायची: 'हे ओलांडलं तर आपण चुकलो.' कंपास वापरत असाल तर आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक आहे. पायी चालणाऱ्याने तो विसरला तरी चालतं.

शिकायला कुठे जावं? सगळ्यांना कास-कोयनेकडे धाव घ्यायची असते. मी म्हणेन, उलट्या दिशेला जा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. म्हणून वर्धनगड, महिमानगडाच्या भोवतीचे डोंगर बोडके. झाडी नाही, त्यामुळे नकाशावरची प्रत्येक सोंड डोळ्यांना दिसते, चुकलात तर कुठे चुकलात तेही दिसतं, आणि खाली कुठेतरी रस्ता असतोच. तिथे चार-सहा वेळा कागद आणि डोंगर जुळवले की मग पश्चिमेच्या जंगलात कागद जास्त बोलायला लागतो.

आणि पश्चिमेला जाताना हिरवा रंग म्हणजे फक्त सावली नव्हे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, सातारा-सांगलीपासून कोल्हापूर-रत्नागिरीपर्यंत. तिथे वाट सोडून फिरणं हा शौकाचा नाही, कायद्याचा प्रश्न आहे. वासोट्याला जायलाही बामणोलीत वन खात्याची परवानगी काढून, लाँचने जलाशय ओलांडून, ठरलेल्या वाटेनेच जावं लागतं, आणि मुक्काम करता येत नाही. गवा आणि अस्वल यांना तुमचं टोपोशीट दाखवून उपयोग नसतो. कासच्या सड्यावर वाट सोडली तर पायाखाली काय तुडवलं जातं हे सातारकरांना सांगायला नको. लाल पेन्सिल तिथेही चालवायची.

त्या दिवशी आबांनीच आम्हाला खाली नेलं. आमच्या सोंडेपासून जेमतेम तीनशे मीटर पश्चिमेला एका घळीच्या तोंडाशी कातळ फुटला होता, मुरुमाचा घसारा खाली आला होता, आणि त्यावरून ढोरवाट नागमोडी उतरत होती. पदरात टेकल्यावर मी शीट पसरून ती जागा शोधली. कंटूर इकडेही तशाच, तिकडेही तशाच. पेन्सिलीने सोंडेवर ९०० आणि ८८० च्या मधे आडवी लाल रेघ मारली आणि घळीत एक बारीक तुटक वाट काढली.

आबा वाकून बघत होते. "ह्यात आमची वाडी हाय का?"

शोधली. होती. तीन लाल ठिपके.

"चार पायजेत," ते म्हणाले. चौथं घर थोरल्या लेकाचं, मागनं बांधलेलं. पेन्सिल हातात होतीच, तेही काढलं.